पिकअपच्या हौद्यावरचे हार्ड कव्हर: निवड, बसवणी, गळती, निगा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः डबल कॅब पिकअपवाल्यांसाठी आहे, म्हणजे इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स आणि त्यांच्यासारख्या गाड्या. हौदा म्हणजे मागचा माल ठेवायचा भाग आणि फाळका म्हणजे मागचे पडते दार. दुकानदार याच कव्हरला टोनो कव्हर, टोनू, बेड कव्हर किंवा नुसते लिड म्हणतात. वस्तू एकच आहे.

हार्ड कव्हर घेतले की हौद्याची डिकी होते का?

नाही, आणि बहुतेक तक्रारींचे मूळ याच समजुतीत असते. मोटारीच्या डिकीला चहूबाजूंनी एकसंध रबर असते आणि खाली बंद तळ असतो. पिकअपच्या हौद्याला तळाशी पाणी जायची भोके असतात. फाळक्याच्या दोन्ही बाजूंना आणि खाली बोट जाईल एवढ्या फटी असतात. पुढच्या कोपऱ्यांत पत्र्याचे सांधे असतात. हार्ड कव्हर फक्त वरची बाजू झाकते. ते झाकण आहे, त्याची पेटी करायची तर बाकीच्या फटींचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. उत्पादकही माहितीपत्रकात ‘पाणी रोखणारे’ असे लिहितात, ‘जलरोधक’ लिहिताना हात आखडता घेतात, तो याचसाठी.

मग मिळते काय? मालावर ऊन-पाऊस थेट पडत नाही, सिग्नलला कोणी हात घालून सामान उचलत नाही आणि ताडपत्रीच्या दोऱ्या सोडण्या-बांधण्याची कटकट जाते. एवढे पुरेसे असेल तर पुढे वाचा.

प्रकार किती आणि कोणता घ्यावा?

घडीचे कव्हर हे सर्वांत व्यवहारी. तीन किंवा चार पाट्या बिजागऱ्यांनी जोडलेल्या असतात. पाटीत दोन पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये फोम असतो किंवा पाटी फायबर मिश्रित प्लास्टिकची असते. वजन साधारण २० ते ३० किलो. दोन माणसे दहा मिनिटांत काढतात आणि हौदा पुन्हा उघडा. ज्यांना महिन्यातून एकदा फ्रिज, कपाट किंवा मोटारसायकल न्यायची असते त्यांनी दुसरे काही बघू नये.

रोलर कव्हर दिसायला सर्वांत देखणे. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या दुकानाच्या शटरसारख्या केबिनमागच्या डब्यात गुंडाळल्या जातात. कव्हर हवे तेवढेच उघडता येते. पण तो डबा हौद्याच्या पुढच्या भागातली २५ ते ३० सेंटिमीटर जागा खातो. डबल कॅबचा हौदाच जेमतेम दीड मीटर, त्यातला पाऊण-एक फूट कायमचा गेला. शिवाय पट्ट्या ज्या खाचेतून सरकतात तिच्यात धूळ बसते. मातीच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावे.

एकसंध लिड फायबरचे किंवा एबीएस प्लास्टिकचे असते. केबिनकडे बिजागरी, दोन्ही बाजूंना गॅसचे शॉकर, मागे कुलूप. सांधा नाही म्हणून वरून पाणी यायला वाव सर्वांत कमी. मात्र लिडच्या उंचीपेक्षा मोठी वस्तू नेता येत नाही आणि काढून ठेवायला घरात जागा लागते. खडकाळ वाटेवर हौदा पिळवटतो तेव्हा बिजागरीजवळचे फायबर तडकते. त्यामुळे ऑफ-रोडिंगची आवड असेल तर हे टाळलेले बरे.

‘डी-मॅक्ससाठी’ असे लिहिलेले कव्हर माझ्या व्ही-क्रॉसला बसेल ना?

इथेच सर्वांत जास्त पैसे बुडतात. डी-मॅक्सची नवी पिढी २०१९ मध्ये थायलंडमध्ये आली आणि परदेशी विक्रेत्यांची बरीच कव्हरे त्या बॉडीसाठी असतात. भारतात २०१६ मध्ये आलेली व्ही-क्रॉस आधीच्या पिढीची, आणि २०२१ मध्ये बीएस-६ इंजिनासह आलेलीही त्याच जुन्या बॉडीची. वर्ष २०२१ म्हणून ‘२०२० नंतरच्या डी-मॅक्ससाठी’ असलेले कव्हर मागवले तर ते बसणार नाही. हायलक्सचेही असेच. ऑस्ट्रेलियात तिचे हौदे ए-डेक आणि जे-डेक अशा दोन प्रकारांत येतात आणि एकाचे कव्हर दुसऱ्याला चालत नाही.

नावावर न जाता मोजा. फाळका बंद करून हौद्याच्या पुढच्या भिंतीच्या आतल्या कडेपासून फाळक्याच्या आतल्या कडेपर्यंतची लांबी घ्या, तीही तळाशी नव्हे, वरच्या काठावर. रुंदी तीन ठिकाणी घ्या: पुढे, मध्ये, मागे. काठाची आत वळलेली पट्टी किती खोल आहे ते पाहा, कारण कव्हर काठाला पकडून ठेवणारा शिकंजा (क्लॅम्प) तिलाच धरतो. चारही आकडे आणि काठाचा जवळून काढलेला फोटो विक्रेत्याला पाठवा. ‘बसेल हो साहेब’ एवढ्यावर पैसे भरू नका, ‘न बसल्यास परत’ हे लेखी घ्या.

स्पोर्ट्स बार काढावा लागेल का?

स्पोर्ट्स बार म्हणजे केबिनमागे हौद्याच्या काठावर बसवलेली नळ्यांची कमान. तिचे पाय कुठे टेकलेत त्यावर अवलंबून आहे. पाय काठाच्या वरून बाहेरच्या बाजूला असतील आणि आत किमान रेल्वे बसण्याइतकी, म्हणजे सुमारे ४ सेंटिमीटर पट्टी मोकळी असेल तर घडीचे कव्हर बहुधा बसते. फक्त पुढची पाटी उभी करताना बारला अडते आणि कव्हर दोन-तृतीयांशच उघडते. (रेल्वे म्हणजे कव्हर ज्यावर टेकते ती बाजूची ॲल्युमिनियमची पट्टी. दुकानात हाच शब्द ऐकू येईल.) पाय काठ पूर्ण व्यापत असतील तर बारसाठी खाचा असलेले खास कव्हर घ्यावे लागते. ग्राइंडरने बारचे पाय कापून ‘ॲडजस्ट’ करून देणारा मिस्त्री भेटला तर त्याला नमस्कार करून निघा. बार सैल झाला की तो काठाचा पत्राच फाडतो.

हौद्यात प्लास्टिकचा लायनर आहे. अडचण येईल का?

लायनर म्हणजे हौद्याच्या आतले अस्तर, ते दोन तऱ्हेचे. काठाच्या खाली संपणाऱ्या लायनरची अडचण नाही, शिकंज्याच्या जागी तेवढे प्लास्टिक चौकोनी कापायचे. काठावरून बाहेर वळणारा लायनर मात्र त्रास देतो. त्यावर रेल्वे टेकवली तर शिकंजा प्लास्टिक दाबत राहतो, प्लास्टिक उन्हात मऊ पडते, आणि महिन्याभरात नट आपोआप ढिला वाटतो. नट फिरलेला नसतो, खालचे प्लास्टिक चेपलेले असते. अशा लायनरचा वरचा पट्टा रेल्वेच्या रुंदीएवढा कापून रेल्वे थेट पत्र्यावर बसवावी. फवाऱ्याने मारलेला लायनर असेल तर काठावरचा खरखरीत थर सॅंडपेपरने सपाट करून घ्या, नाहीतर रबर त्यावर नीट टेकत नाही.

बसवायला काय काय लागते?

१० ते १४ मिलिमीटरचे सॉकेट आणि रॅचेट (शिकंज्याचे नट बहुधा १३ चे असतात), ॲलन कीचा संच, मोजपट्टी, मास्किंग टेप, साबणाचे पाणी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन स्वच्छ फडकी, धारदार कटर. टॉर्क पाना (नट किती जोराने आवळला ते दाखवणारा) असेल तर उत्तम. निचऱ्याची नळी (कव्हरच्या कडेला जमलेले पाणी गाडीखाली सोडणारी) नव्या भोकातून काढायची असेल तर ड्रिल आणि झिंक प्रायमर. आणि दुसरा माणूस, हे सर्वांत महत्त्वाचे. एकट्याने घडीचे कव्हर उचलताना कोपरा हौद्याच्या काठावर घासतो आणि पहिला ओरखडा आपल्याच हाताने पडतो.

वेळ दीड ते दोन तास धरा. बॅटरीवरची इम्पॅक्ट गन बाजूला ठेवा, या कामात तिचा उपयोग फक्त आटे मारण्यापुरता.

बसवण्याचा नेमका क्रम काय?

गाडी सपाट जागी लावा. एक चाक पायरीवर चढलेले असेल तर हौदा किंचित पिळतो, तुम्ही त्या पिळलेल्या आकाराला कव्हर जुळवता आणि रस्त्यावर आल्यावर फाळका लागत नाही.

काठ साबणाने धुऊन, वाळवून, जिथे चिकट फोम लागणार तिथे अल्कोहोलने पुसा. पॉलिश किंवा मेण शिल्लक असेल तर फोम आठवड्यात सुटतो. रिमझिम चालू असताना हे काम काढू नका. पुढच्या भिंतीवरची फोमपट्टी न ताणता लावा. ताणून लावलेले रबर दोन दिवसांत आखडते, दोन्ही टोकांना एकेक सेंटिमीटर उघडे पडते, आणि पावसाचे पाणी नेमके त्याच कोपऱ्यातून आत येते. पट्टी थोडी जास्त लांब ठेवून शेवटी कापा.

आता डावी-उजवी रेल्वे काठावर ठेवून पुढच्या भिंतीला भिडवा. पहिला शिकंजा पुढच्या भिंतीपासून १० ते १५ सेंटिमीटरवर, शेवटचा फाळक्यापासून तेवढ्याच अंतरावर, मधला मध्ये. शिकंज्याचे दात काठाच्या आत वळलेल्या पट्टीला सरळ धरतात ना, ते खाली वाकून टॉर्चने बघा. तिरका बसलेला शिकंजा वरून घट्ट वाटतो आणि पहिल्या खडबडीत रस्त्यावर सुटतो. नट बोटांनीच आवळा, पाना अजून नको.

मग कर्ण मोजा: डाव्या रेल्वेच्या पुढच्या टोकापासून उजव्या रेल्वेच्या मागच्या टोकापर्यंत, आणि उलट. दोन्हींत ३ मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. जास्त असेल तर ज्या बाजूची रेल्वे पुढे गेली आहे ती मागे घ्या. या पाच मिनिटांचा कंटाळा केला की पुढे कव्हर एका बाजूला घासते, कुलूप अडते, एका कोपऱ्यातून पाणी येते, आणि प्रत्येक वेळी कारण वेगळे वाटते. मूळ कारण हे एकच.

घडी केलेले कव्हर दोघांनी उचलून पुढच्या टोकाशी ठेवा, दोन्ही बाजूंची फट सारखी करा आणि एकेक पाटी उलगडा. फाळका आपटू नका, हाताने सावकाश वर आणा. त्याची वरची कड मागच्या रबरावर दाबून बसायला हवी, पाटीच्या कडेला आदळायला नको. आदळत असेल तर पूर्ण कव्हर २-३ मिलिमीटर पुढे सरकवा.

सगळे जुळले की आवळणी. एक डावा, एक उजवा असे पुढून मागे या. पुस्तिकेत टॉर्कचा आकडा असेल तर तोच पाळा. नसेल तर हाताने घट्ट झाल्यावर पान्याने पाव ते अर्धा फेरा पुरतो. जास्त आवळले की काठाची पट्टी वाकते, रेल्वे बाहेरच्या बाजूला कलते आणि रबर उचलले जाते. म्हणजे गळू नये म्हणून आवळले आणि त्यामुळेच गळू लागले.

शेवटी पाच वेळा उघडझाप करून कुलूप तपासा. १०० किलोमीटर झाल्यावर सगळे नट पुन्हा बघा, मग १,००० वर, आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी.

हौद्याला भोक पाडावे लागते का?

शिकंज्यांसाठी नाही. कोणी काठावर स्क्रू मारून रेल्वे बसवत असेल तर थांबवा. निचऱ्याच्या नळ्यांसाठी मात्र कधीकधी लागते. बऱ्याच हौद्यांच्या पुढच्या भागात रबरी बूच असलेले कारखान्याचेच भोक असते, आधी ते शोधा. नवे पाडावे लागलेच तर खाली ब्रेकची नळी, वायरिंग, डिझेल टाकी यांपैकी काही नाही ना, हे गाडीखाली झोपून पाहा. भोकाच्या उघड्या कडेला झिंक प्रायमर आणि रंगाचे दोन हात द्या, त्यावर रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेत बसणारी कडी) बसवा. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत उघडी कड एका पावसाळ्यात गंजते.

नळी सतत उताराची हवी. मध्ये झोळ पडला तर तिथे पाणी आणि माती साचते. टोक सायलेन्सरपासून लांब ठेवून तिरके कापा, म्हणजे चिखलाने पूर्ण बुजत नाही.

बसवले, पण पावसात आत पाणी येते. काय करावे?

सिलिकॉनची ट्यूब हातात घेण्याआधी पाणी कुठून येते ते शोधा. हौद्यात चारही कडांना, कोपऱ्यांत आणि फाळक्याच्या पायथ्याशी वर्तमानपत्राच्या कोरड्या पट्ट्या टेपने लावा. कव्हर आणि फाळका बंद करा. साध्या बागेच्या नळीने, पावसासारखे वरून, दहा मिनिटे पाणी सोडा. सर्व्हिस स्टेशनची प्रेशर गन नको. ती चांगल्या रबरातूनही पाणी घुसवते आणि तुम्हाला नसलेली गळती दाखवते. मग उघडून बघा कोणता कागद भिजला.

पुढचे कोपरे भिजले असतील तर फोमपट्टी आखडली आहे किंवा निचऱ्याची नळी बुजली आहे. नळीत पाणी ओतून बघा, खालून धार आली पाहिजे. बाजू भिजली असेल तर रेल्वेखाली खडा, लायनरचा तुकडा किंवा वाकलेला काठ आहे. रबर सगळीकडे टेकते का हे पाहायला काठावर खडूची पूड लावून कव्हर बंद-उघड करा, जिथे रबरावर पांढरे उमटले नाही तिथे फट आहे. पाट्यांच्या सांध्याखाली थेंब असतील तर बिजागरीचे रबर फाटले आहे. ते सुटे मिळते, चिकटवत बसू नये.

आणि फाळक्याच्या पायथ्याचा कागद भिजला असेल, जो बहुतेक वेळा भिजतो, तर त्यात कव्हरचा दोष नाही. फाळक्याच्या बाजूंना आणि खाली लावायची रबरपट्टी मीटरवर मिळते. सुमारे साडेतीन मीटर लागते. डी आकाराची, आतून पोकळ पट्टी घ्या, भरीव घेतली तर फाळका लागत नाही. हौद्याच्या तळातली भोके मात्र बुजवू नका. आलेले पाणी जायला तीच वाट आहे.

मुसळधार पावसात ताम्हिणी किंवा आंबोली घाट चढून आल्यावर कपभर पाणी आत सापडले तर ते सामान्य समजा. बादलीभर सापडले तर वरचे सगळे तपासा.

पाणी नाही, पण लाल धूळ येते. वरून तर कव्हर घट्ट आहे.

धूळ वरून येत नाही. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, तिथे घुमणारी धूळ फाळक्याच्या फटींतून हौद्यात ओढली जाते. कव्हर जितके घट्ट, तितकी ही ओढ फटींवर एकवटते. म्हणून कव्हर बसवल्यावर धूळ ‘वाढली’ असे वाटते. उपाय तोच, फाळक्याची रबरपट्टी. ती लावूनही कपडे-कॅमेरा अशा वस्तू झाकणाच्या प्लास्टिक पेटीतच ठेवा.

कव्हरवर किती वजन चालते? त्यावर उभे राहता येते का?

घडीच्या ॲल्युमिनियम कव्हरांचे अनेक उत्पादक सुमारे १८० किलो सांगतात, पण ते सर्वत्र सारखे पसरलेले आणि गाडी उभी असताना. ७० किलोचा माणूस एका टाचेवर उभा राहिला तर सगळे वजन तळहाताएवढ्या जागेवर येते, पाटीतला फोम दबतो आणि खळगा कायम राहतो. फोम पुन्हा फुगत नाही. चालत्या गाडीत तर खड्ड्यांच्या हादऱ्याने तेच वजन कित्येक पटींनी आदळते.

छतावर बांधायचा तंबू किंवा सायकल-रॅक नेहमीच्या कव्हरवर लावू नये. त्यासाठी रेल्वेवरच खाचा असलेली वेगळी कव्हरे असतात आणि त्यांत वजन पाटीवर न येता काठावर जाते. गणेशोत्सवात मूर्ती कव्हरवर ठेवून मिरवणूक काढायची कल्पना दरवर्षी कोणाला तरी सुचते. कव्हर काढा, मूर्ती हौद्यात ठेवा.

नारळाच्या झाडाखाली गाडी लावणे हेही वजनातच मोजा.

कव्हर अर्धे उघडून गाडी चालवली तर?

घडीचे कव्हर मागून पुढे घडी घालून पट्ट्यांनी पक्के बांधले असेल तर चालते. नुसते दुमडून ठेवले तर ८० च्या वेगाला वारा खालून शिरतो आणि पाट्या उलट्या फेकल्या जातात, बिजागरीसकट. सर्व पाट्या केबिनमागे उभ्या करता येणारी कव्हरे असतील तर दांड्या अडकवल्याशिवाय निघू नका. तशाही स्थितीत मागची काच झाकली जाते आणि केबिनवर वर तिसरा ब्रेक लाइट असेल तर तोही. उभी पाटी केबिनला टेकलेली नको. हौदा आणि केबिन चासीवर वेगवेगळे बसवलेले असतात, दोघे स्वतंत्र हलतात आणि तेवढ्यात रंग खरवडला जातो. एकसंध लिड उघडे ठेवून चालवायचेच नाही.

फाळका पाडून लांब पाइप नेताना नंबर प्लेट झाकली जाते, हेही ध्यानात असू द्या.

आत काय ठेवू नये?

गॅस सिलिंडर आणि पेट्रोलचा कॅन अजिबात नको. एलपीजी आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असतात. उघड्या हौद्यात ती निघून जाते, बंद हौद्यात तळाशी साठते. थिनर, स्प्रेचे डबे, जुनी बॅटरीही नको. विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात काळ्या कव्हरखाली चटका बसेल इतके तापते.

माणूस किंवा जनावर, मिनिटभरही नाही. मुलांना लपाछपीसाठी ही जागा फार आवडते. बंद करण्याआधी आत बघायची सवय लावा.

आंबावाल्यांसाठी: हापूसच्या पेट्या बंद कव्हरखाली लांब नेऊ नयेत. फळांची उष्णता आणि त्यांतून निघणारा इथिलीन वायू कोंडतो, पुण्याला पोचेपर्यंत वरची रास अवेळी पिकते, खालची घामेजते. त्या कामाला जाळी आणि हवेशीर ताडपत्रीच बरी.

चोरी किती थांबते?

उचलेगिरी थांबते. ठरवून आलेला चोर फाळक्याकडून येतो. कव्हरचे कुलूप बहुधा आतून फाळक्यावर अवलंबून असते: फाळका उघडला की कव्हर उघडते. म्हणून फाळक्याला चावीचे कुलूप नसेल तर आधी ते बसवा. गाडीच्या सेंटर लॉकशी फाळका जोडलेला आहे असे गृहीत धरू नका, रिमोट दाबून एकदा ओढून पाहा.

आरटीओची परवानगी लागते का? विमा?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातील मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केले. बेकायदा बदलासाठी कलम १८२-अ(४) खाली मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. शिकंज्याने धरलेले, काढता येणारे, हौद्याच्या लांबी-रुंदीबाहेर न जाणारे कव्हर आणि हौद्यावर वेल्डिंग करून उभारलेली कायमची कॅनोपी (उंच छप्पर) यांत फार अंतर आहे. दुसऱ्या प्रकाराने बॉडीचा प्रकार आणि वजन बदलते. शंका असेल तर कंपनीच्या अधिकृत ॲक्सेसरी यादीतले कव्हर घ्या आणि बिल गाडीत ठेवा.

विम्यात कव्हर आपोआप धरले जात नाही. नूतनीकरणाच्या वेळी ‘नॉन-इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी’ म्हणून किंमत लिहून घ्या, बिल जोडा. अपघातानंतर सांगून उपयोग नाही.

डिझेल वाचते का?

त्यासाठी घेऊ नका. हौद्यावरून हवा थोडी सुरळीत जाते हे खरे, पण कव्हरचे वजनही वाढते. टायरची हवा बरोबर ठेवल्याने जे वाचेल ते अधिक भरवशाचे.

वेगात शीळ किंवा खडखड ऐकू येते.

शीळ बहुधा पुढच्या रबराच्या फटीतून येते. त्यावर मास्किंग टेप लावून एक फेरी मारा. आवाज गेला तर जागा सापडली. खडखड असेल तर आधी आतला पाना-जॅक बघा, मग शिकंजे, मग कुलपाची दांडी. कुलपाची दांडी एक-दोन मिलिमीटर घट्ट करता येते.

निगा कशी राखावी?

रबर बहुतेक ईपीडीएम या कृत्रिम प्रकारचे असते. त्याला पेट्रोलियमवरचे वंगण, ग्रीस, खोबरेल यांपैकी काही लावू नका. पेट्रोलियमने ते फुगते आणि मऊ होते. दर तीन महिन्यांनी ओल्या फडक्याने पुसून सिलिकॉनचा हलका फवारा पुरतो. मे अखेरीस, पाऊस सुरू व्हायच्या आत, नळ्या फुंकून मोकळ्या करा.

मॅट काळ्या पाटीला मेण किंवा पॉलिश लावले की पांढरे डाग उमटतात. नुसता कार शॅम्पू वापरा. पक्ष्यांची विष्ठा आणि चिंचेच्या-जांभळाच्या झाडाखालचे डाग त्याच दिवशी धुवा. रोलरच्या खाचेत ग्रीस घालणे ही सर्वांत महागडी चूक. धूळ आणि ग्रीस मिळून घासणारा लेप तयार होतो आणि पट्ट्यांच्या कडा झिजतात. ब्रश, पाणी, वाळवणे आणि कोरडे सिलिकॉन एवढेच. कुलपाला ग्रॅफाइटची पूड.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी वर्षातून एकदा शिकंजे काढून खाली बघावे. ॲल्युमिनियम आणि स्टील खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले की गंज वेगाने धरतो. रंग खरवडला असेल तिथे टच-अप करून पातळ रबराची चकती घाला.

एकसंध लिडचे गॅस शॉकर तीन-चार वर्षांत थकतात, सकाळी गारठ्यात आधी जाणवते. बदलताना जोडीच बदला, नाहीतर लिड तिरके उचलले जाऊन बिजागरी जाते. जुना शॉकर भोसकू किंवा तापवू नका, आत दाबाखाली वायू असतो.

वापरलेले कव्हर घ्यावे का?

घ्यावे, दोन गोष्टी बघून. पाटीवर बोटांनी टकटक करत जा. आवाज एके ठिकाणी पोकळ झाला तर पत्रा फोमपासून सुटला आहे, ती पाटी गेली. आणि शिकंजे, नळ्या, चाव्या सगळे सोबत आहे का ते मोजा. पाटी जुनी चालते, पण रबर नवेच घाला.

अमेरिकेत राहतो, टोयोटा टॅकोमा पिकअप आहे. हेच लागू होते का?

मोजमाप आणि कर्णाचा नियम तोच. टॅकोमाचा हौदा पाच आणि सहा फुटी येतो, मागवताना फूट आणि वर्ष दोन्ही सांगा. तिचा हौदा कंपोझिटचा, स्टीलचा पत्रा नव्हे, आणि काठाला माल बांधायची कारखान्याची रेल्वे असते. बरीच कव्हरे तिलाच धरतात, त्यामुळे ती रेल्वे काढू नका. हिवाळ्यात बर्फ फावड्याने खरवडू नका, मऊ ब्रशने ढकला. गोठलेले रबर जोर लावून उचलले तर फाटते. थंडीआधी दिलेला सिलिकॉनचा हात तिथे दुप्पट कामाला येतो.

काही दिवसांसाठी काढून ठेवायचे तर?

घडीचे कव्हर घडी घालून, पट्टे लावून, आडवे ठेवा. भिंतीला तिरके टेकवलेले कव्हर स्वतःच्या वजनाने बिजागरीत वाकते. पाट्यांच्या मध्ये जुनी चादर घाला. रोलर शक्यतो काढूच नका. एकसंध लिड उलटे न ठेवता चार टायरांवर सरळ ठेवा. रेल्वे गाडीवरच राहू द्या, फक्त सर्व नट एकदा बघा. कव्हर पुन्हा चढवताना रबराखाली वाळूचा कणही नको, म्हणून आधी काठ पुसा आणि पहिल्या वेळेसारखेच दोन्ही बाजूंची फट बघून फाळका हाताने सावकाश लावा.